आधी छप्पर, मग कूलर

मे महिन्यातील दुपारी साडेतीनची वेळ. सौसर तालुक्यातील एका खेड्यात मामांच्या नव्या घरात आम्ही बसलो होतो. पंखा पाचावर फिरत होता आणि तरीही अंगातून घाम निथळत होता. खाटेवर उभे राहून हात वर केला, तर स्लॅबची धग तळव्याला जाणवत होती. आजी मात्र त्या खोलीत नव्हती. जुन्या घराची एक मातीची खोली मागच्या अंगाला अजून शिल्लक आहे, तिथे ती स्वस्थ पडली होती. आदल्या उन्हाळ्यात नव्या खोलीत झोपून तिला चक्कर आली आणि सलाइन लावावे लागले. तेव्हापासून दुपारचे नव्या घरात पाऊल टाकायचेच तिने सोडून दिले होते.

मामांच्या हाती नुकतेच मृग बहाराच्या संत्र्यांचे पैसे आले होते. ती उरलेली मातीची खोली पाडून तिथेही स्लॅब टाकावा आणि दोन्ही खोल्यांना एसी बसवावा, असे घरात घाटत होते. मामा मला म्हणाले, "काऊन रे बाबू, तू कॉलेजात फिजिक्स शिकवतोस. मंग सांग ना, इतका पैसा लावून बांधलेलं घर भट्टीवानी काऊन तापते, अन् मायची मातीची खोली थंडी काऊन राहते?"

प्रश्न साधा होता, पण मला त्याचे उत्तर तिथल्या तिथे देता आले नाही. परत आल्यावर जी पुस्तके व निबंध चाळले आणि जे हिशेब मांडले, त्यांचे सार या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहे.

दोन तालुके, तीन ऋतू

पांढुर्णा आणि सौसर ही नावे आपल्याकडे फारशी कानावर येत नाहीत. सातपुड्याच्या दक्षिणेकडील उतारावर, नागपूरच्या उत्तरेस हे दोन तालुके वसले आहेत. १९५६ पूर्वी छिंदवाडा जिल्हा ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्याबरोबर हा मराठी पट्टाही तिकडेच राहिला. २०२३ साली याच दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. सीमेवर राहणे म्हणजे काय, हे या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव वर्षातून एकदा वर्तमानपत्रांत येते. एरवी हा कापसाचा आणि संत्र्यांचा मुलूख.

इमारतींचा विचार करताना शास्त्रज्ञ भारताचे पाच हवामान-विभाग पाडतात : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, समशीतोष्ण, थंड आणि संमिश्र. बंगलोर समशीतोष्ण विभागात येते, मुंबई उष्ण-दमट विभागात. नागपूर आणि त्याला लागून असलेला हा पट्टा संमिश्र विभागात मोडतो. एप्रिल-मेमध्ये कोरडी, भाजून काढणारी हवा. जुलै-ऑगस्टमध्ये दमट, चिकट हवा. आणि डिसेंबर-जानेवारीत शेकोटी पेटवावी अशी रात्र. म्हणजे एकाच घराला तीन ऋतूंत तीन निराळी कामे करावी लागतात. जे घर मेमध्ये उत्तम, ते जुलैत कोंदट वाटू शकते. येथील घरबांधणीची अडचण ती हीच.

शरीराचा हिशेब

घर सुखकर आहे की नाही, हे तापमापीवरच्या एका आकड्यावरून ठरत नाही. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. म्हणजे आपण प्रत्येक जण एक शंभराचा दिवाच आहोत. ही उष्णता सहज बाहेर गेली की बरे वाटते. अडली की जीव घाबरा होतो. ती सहज जाईल की नाही हे सहा गोष्टी ठरवतात : हवेचे तापमान, भोवतालच्या भिंती व छताचे तापमान, हवेतील आर्द्रता, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि आपण करीत असलेले श्रम.

यांतील दुसरी गोष्ट आपण नेहमी विसरतो. भिंती आणि छत ही केवळ आडोसा नव्हेत. तापली की तीही प्रारणाने उष्णता फेकतात. मामांच्या खोलीत डोक्यावरचा स्लॅब अंगापेक्षा गरम होता. त्यामुळे शरीराने उष्णता बाहेर टाकण्याऐवजी स्लॅबच शरीरावर उष्णता ओतीत होता. त्यात पंखा. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असते. खोलीतील हवा त्याहून गरम झाली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो. घाम वाळण्यापुरताच काय तो त्याचा उपयोग उरतो. पंखा पाचावर असूनही जीव का तळमळत होता, त्याचे अर्धे उत्तर येथे मिळते.

सुखाचे तापमान कोणी ठरवले?

आता एक मोठा प्रश्न. घर किती थंड असले म्हणजे पुरे? एसीच्या जाहिराती पाहिल्या तर १८ किंवा २० अंश हेच सुख असे वाटेल. या प्रश्नावर गेल्या अर्धशतकात बरेच संशोधन झाले आहे आणि त्यात आपल्या देशाचा वाटाही मोठा आहे.

डेन्मार्कमधील प्राध्यापक फांगर यांनी १९७० साली या विषयावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. बंद प्रयोगकक्षात अमेरिकन व डॅनिश विद्यार्थ्यांना बसवून, तापमान कमीजास्त करून, त्यांना कसे वाटते याची नोंद घेतलेली होती. तिच्या आधारे फांगर यांनी एक समीकरण मांडले. हलके कपडे घालून बसलेल्या माणसाला साधारण २५ ते २६ अंश सुखद वाटतात, असा त्याचा अर्थ. काम मोलाचे होते. पण जगभरच्या कार्यालयांनी ते जसेच्या तसे उचलले, आणि बारा महिने, तेरा काळ एकच तापमान राखणे म्हणजे सुख, अशी समजूत रूढ झाली.

बंद खोलीतले विद्यार्थी हे एक आणि घरात वावरणारी माणसे हे दुसरे. निकोल या इंग्रज संशोधकाने १९७४ साली रुडकी आणि बगदाद येथील लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तेथील माणसे पुष्कळ वरच्या तापमानालाही सुखात असल्याचे दिसून आले. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत शर्मा आणि शराफत अली यांनी भारतीय तरुणांवर प्रयोग करून १९८६ साली उष्ण प्रदेशांसाठी 'उन्हाळी निर्देशांक' तयार केला. तापमान, आर्द्रता, प्रारण आणि वारा यांचा मेळ घालून काढलेला हा निर्देशांक २५ ते ३० यांच्या दरम्यान असला की आपल्या लोकांना सुखद वाटते, आणि २७.५ हा त्याचा मध्य. त्यांच्या सूत्राप्रमाणे सेकंदाला एक मीटर वेगाचा वारा हा निर्देशांक सुमारे दोन अंशांनी खाली आणतो. साध्या पंख्याचे हे महत्त्व आहे.

पुढे हैदराबादच्या सदनिकांमध्ये माधवी इंद्रगंती यांनी २००८ च्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात पाहणी केली. तेथील रहिवाशांचे सुखद तापमान सुमारे २९ अंश निघाले. आपल्या संहितेत मात्र तेव्हा २३ ते २६ अंश लिहिलेले होते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी अहमदाबाद, बंगलोर, चेन्नई, दिल्ली व सिमला येथील कार्यालयांतून सहा हजारांवर उत्तरे गोळा केली आणि २०१६ साली भारतीय प्रतिमान प्रसिद्ध केले. खिडक्या उघडता येतात अशा इमारतींत बाहेरची सरासरी एका अंशाने वाढली की माणसाचे सुखद तापमान सुमारे अर्ध्या अंशाने वर सरकते, असे त्यात आढळले.

याचा अर्थ आपल्या माणसांनी उकाडा सोसावा असा नव्हे. सवय होण्यालाही सीमा असते, आणि म्हातारी माणसे, तान्ही मुले व आजारी यांच्या बाबतीत ती लवकर येते. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णता-कृती आराखडा आखला. संशोधनाचा खरा अर्थ असा, की आपल्याला घर २० अंशांवर नेण्याची गरज नाही. पंख्याखाली २८-२९ अंश मिळाले तरी पुरेसे आहेत. ४३ अंशांवरून २० गाठायला यंत्राशिवाय गत्यंतर नाही. पण २९ कडे जाण्याच्या वाटेतला बराच पल्ला घर स्वतःच चालू शकते. सारा खर्च या फरकात दडलेला आहे.

डोक्यावरचा सूर्य

आता मामांच्या घराकडे वळू. सौसर आणि पांढुर्णा साधारण २१.६ उत्तर अक्षांशावर आहेत, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे खाली. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. यातून घरासाठी एक महत्त्वाची गोष्ट निघते : ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. सर्वांत जास्त ऊन घेते ते छप्पर, आणि त्यानंतर पूर्व व पश्चिमेच्या भिंती.

थोडा हिशेब करू. मे महिन्याच्या दुपारी एक चौरस मीटर छपरावर सुमारे ९०० वॅट ऊन पडते. जुना, काळवंडलेला सिमेंटचा पृष्ठभाग त्यातील सुमारे ७० टक्के शोषून घेतो. परिणाम असा, की बाहेरची हवा ४३ अंशांची असली तरी स्लॅबला ती जणू ७० अंशांची असल्याप्रमाणे उष्णता मिळते. चार-पाच इंची उघड्या स्लॅबमधून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला सुमारे ३.५ वॅट उष्णता आत येते. खोली तीन मीटर रुंद व चार मीटर लांब, म्हणजे १२ चौरस मीटरची धरा, आणि आत ३३ अंश आहेत असे माना. फरक ३७ अंशांचा. गुणाकार केला तर १५०० वॅटच्या वर आकडा जातो. म्हणजे दीड हजार वॅटची विजेची शेगडी छताला उलटी टांगून ठेवल्यासारखे झाले!

त्याच स्लॅबला वरून पांढरा चुना दिला, तर तो उन्हाचा फार तर ३० टक्के भाग शोषतो. ७० अंशांच्या जागी सुमारे ५३ अंश धरावे लागतात आणि दीड हजार वॅटची शेगडी आठ-साडेआठशे वॅटवर येते. त्याशिवाय स्लॅबवर चांगला उष्णतारोधक थर दिला आणि ३.५ चा आकडा १.२ वर आणला, तर तीनशे वॅटसुद्धा उरत नाहीत. हा १.२ चा आकडा मी मनाने घेतलेला नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी जी 'इको निवास संहिता' काढली, तिच्यात छपरासाठी हीच कमाल मर्यादा आहे. परंतु ही संहिता मोठ्या भूखंडांवरील वसाहती डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. खेड्यातले दोन खोल्यांचे घर तिच्या कक्षेत येत नाही. तिथे गवंडी सांगेल तीच संहिता.

हे हिशेब ढोबळ आहेत. प्रत्यक्षात तापमान क्षणोक्षणी बदलते. पण कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचे, एवढे त्यांवरून निश्चित कळते.

भिंत हे एक घड्याळ आहे

आजीची खोली थंड का, याचे उत्तर निराळे आहे. तिच्या भिंती मातीच्या, दीड फूट जाडीच्या. भिंतीवर पडलेली उष्णता आत पोचायला वेळ लागतो, आणि वाटेत ती क्षीणही होते. पदार्थाची उष्णतावाहकता, घनता व विशिष्ट उष्णता माहीत असली की हा विलंब काढता येतो. दीड फुटी मातीच्या भिंतीत तो सुमारे १४ तास, नऊ इंची विटांच्या भिंतीत ७-८ तास आणि चार इंची स्लॅबमध्ये जेमतेम तीन तास भरतो. दुपारी साडेबाराचे ऊन स्लॅबमधून साडेतीनला आत येते. म्हणजे ऐन उकाड्यात. मातीच्या भिंतीतून दुपारी तीनची उष्णता पहाटे पाचला आत येते, तेव्हा बाहेर गारवा असतो आणि दार उघडे टाकले की काम भागते. जाड भिंत म्हणजे उष्णता उशिरा पोचवणारे घड्याळच म्हणा ना.

छपराची युक्तीही पाहण्याजोगी आहे. वर कवेलू, त्यांच्या फटींतून गरम हवा निसटून जाते. खाली सागवानी पाट्यांचा माळा आणि त्यावर मातीचा थर. कवेलू तापले तरी त्यांची धग खाली बसलेल्या माणसाला दिसत नाही. मध्ये माळा असतो. ऊन अंगावर घेणारे एक छप्पर आणि सावलीत राहणारे दुसरे, अशी ही दुहेरी रचना आहे. आजचे तज्ज्ञ हवेशीर दुहेरी छप्पर म्हणून जे शिकवतात, त्याचाच हा घरगुती अवतार.

तरी जुन्या घराचे गोडवे गाऊन मोकळे होणे प्रामाणिकपणाचे नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागते आणि ती करणारी माणसे आता मिळत नाहीत. एका दुपारी माकडांची टोळी आली की शंभर कवेलू फुटतात. वाळवी लाकूड खाते, कोनाड्यांत विंचू निघतात, आणि पावसाळ्यात जागोजाग भांडी मांडावी लागतात. मामींनी तीस वर्षे भिंती लिंपल्या आणि जमीन सारवली. त्यांना पक्के घर हवे होते यात चूक काहीच नाही. चूक एवढीच झाली, की पक्के घर बांधताना जुन्या घरातील शहाणपण कोणी नव्या सामानात उतरवले नाही.

ते उतरवता येते, हे दाखवणारी माणसे होऊन गेली आहेत. लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणाऱ्या भिंती बांधल्या. त्यांत विटा सुमारे चौथ्या हिश्शाने वाचतात आणि पोकळीतील हवा उष्णता अडवते. स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीटचा भार पेलायला उपयोग नसतो, तिथे ते मंगळुरी कौले भरीत. त्यामुळे सिमेंट वाचते आणि स्लॅबमधून येणारी धगही कमी होते. आणखी जवळचे उदाहरण वर्ध्याचे. तेथे १९७६ साली स्थापन झालेल्या 'सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस' या संस्थेने मातीची घरे आणि भाजलेल्या कौलांच्या कमानीची छपरे यांवर काम केले आहे. सौसरहून वर्धा काही दूर नाही.

कूलरचे गणित

नागपूरकडे उन्हाळा म्हणजे कूलर. पूर्वी दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत. कूलर हे त्याच ताटीचे पंखा लावलेले रूप होय. पाण्याची वाफ होताना ते हवेतून उष्णता ओढून घेते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट एवढी उष्णता लागते. ही उष्णता हवेतून जाते आणि हवा थंड होते.

किती थंड होते? तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले की पारा जिथे स्थिरावतो, ते ओल्या फुग्याचे तापमान. कूलरची हवा त्याच्या खाली कधीच जात नाही. मे महिन्यात ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २२ अंश येते. चांगला कूलर या २१ अंशांच्या फरकातील तीन-चतुर्थांश भाग कापतो, म्हणजे सुमारे २७ अंशांची हवा देतो. आणि वीज लागते ती २०० वॅटच्या आसपास! आता जुलै घ्या. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता. ओल्या फुग्याचे तापमान २८ अंश. कूलर हवा जेमतेम २९ पर्यंत आणतो आणि वर ओलावा भरतो. अंग चिकचिकते, घाम वाळत नाही. मेमध्ये जे यंत्र देवासारखे, ते जुलैत नकोसे का होते, याचे कारण कूलरमध्ये नसून हवेत आहे. पावसाळ्यात कूलरचे पाणी बंद करून नुसता वारा घ्यावा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

कूलरच्या वापरात तीन चुका सर्रास दिसतात. पहिली, खोली बंद करून कूलर लावणे. आत येणारी हवा बाहेर जायला वाट नसेल तर ओलावा कोंडतो. म्हणून कूलरच्या समोरची खिडकी उघडी हवी. दुसरी, आठवडा-आठवडा पाणी न बदलणे. डेंग्यूच्या डासांना यासारखी जागा नाही. तिसरी चूक प्राणघातक आहे. लोखंडी कूलर, ओली जमीन, उघडी पडलेली वायर आणि अर्थिंगचा पत्ता नाही. असा कूलर पुसताना किंवा त्यात पाणी भरताना विजेचा धक्का बसून दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. आधी पिन काढावी आणि मगच हात लावावा, हे लहान मुलांनाही शिकवले पाहिजे.

आणखी एक हिशेब पाण्याचा. एक टनाचा एसी दर तासाला जेवढी उष्णता बाहेर काढतो, तेवढीच काढायला कागदावर सुमारे पाच लिटर पाणी लागते. प्रत्यक्षात मोठा घरगुती कूलर याहून बरेच जास्त पाणी पितो, कारण थंड केलेली हवा खोलीत न थांबता बाहेर जाते. मामांच्या घरची टाकी आणि संत्र्याची बाग एकाच बोअरवर आहेत. मेमध्ये त्या बोअरचे पाणी झाडांना पुरत नाही. तेव्हा कूलर स्वस्त असला तरी फुकट नाही. विजेचे बिल कमी येते, पण बाकीचे बिल विहीर भरते.

क्रम चुकू नये

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येईल : उष्णता आत आल्यावर तिला यंत्राने हाकलण्यापेक्षा ती दारातच अडवणे स्वस्त पडते. म्हणून उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिले छप्पर. दर वर्षी फाल्गुन-चैत्रात स्लॅबवर चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत. अधिक टिकाऊ हवे असेल तर स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वरच हवा. खालून छत लावले तर स्लॅब तापतच राहतो. टिनाच्या छपरावर आमच्याकडे पऱ्हाट्या पसरतात. सावलीसाठी ते ठीक, पण वाळलेल्या पऱ्हाट्यांना एक ठिणगी पुरते, हे विसरू नये.

दुसरी सावली. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा दिला तर सव्वा मीटरची खिडकी मार्चपासून सप्टेंबरपर्यंत भर दुपारी सावलीत राहते. डिसेंबरात सूर्य ४५ अंशांवर उतरतो तेव्हा खालच्या निम्म्या भागातून ऊन आत येते, आणि तेव्हा ते हवेच असते. पश्चिमेचे मात्र तसे नाही. मे महिन्यात चार वाजता सूर्य सुमारे ३५ अंशांवर असतो; त्याला छज्जा अडवू शकत नाही. तिथे ओसरी, चिकाचा पडदा किंवा कडुनिंबाचे झाड पाहिजे.

तिसरा रात्रीचा वारा. सकाळी नऊला खिडक्या लावाव्यात आणि सूर्य कलून बाहेर गारवा पडला की उघडाव्यात. रात्रभरात भिंती निवतात आणि तोच गारवा दुपारपर्यंत पुरतो. चौथा पंखा. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नव्या प्रकारच्या मोटरचा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला सोळा तास चालला तर रोज पाऊण युनिटाच्या जवळपास बचत. पाचवा कूलर, आणि सर्वांत शेवटी एसी. तोही २६ अंशांवर आणि पंख्याच्या साथीने. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीची मूळ मांडणी २४ अंशांवर ठेवण्याचा नियम झाला आहे, आणि एक अंश वर ठेवल्याने सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा ब्युरो सांगतो.

एसीचे मला वावडे नाही. आजारी माणसासाठी, जुलैच्या दमट रात्रीसाठी त्याला पर्याय नसतो. पण १५०० वॅटच्या शेगडीखाली एसी लावणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय. छप्पर नीट केलेल्या खोलीला लहान एसी पुरतो आणि तो कमी वेळ चालतो.

मामांना मी हा क्रम लिहून पाठवला. मातीची खोली पाडायचा बेत तूर्त रहित झाला आहे. माळ्याचे दोन पाट बदलून ती आणखी काही वर्षे टिकेल. नव्या खोल्यांवर चुना दिला आणि पश्चिमेला ओसरी काढली. एसीचा विचार पुढच्या बहारावर गेला. आजी अजूनही दुपारी मागच्या खोलीतच जाते. सवय म्हणा किंवा अनुभव म्हणा. पण आता संध्याकाळी ती नव्या घरात येऊन बसते, एवढे मामींनी कळवले आहे.

विद्यार्थी मित्रांना एक सुचवतो. हा विषय प्रयोगशाळेबाहेरचा नाही. सारख्या आकाराचे दोन टिनाचे डबे घ्या. एकाच्या झाकणाला पांढरा चुना लावा, दुसरे तसेच ठेवा. दोन्हींत तापमापी अडकवून ते वसतिगृहाच्या गच्चीवर सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत ठेवा आणि दर तासाला नोंद करा. मग तीच नोंद सर्वांत वरच्या मजल्यावरच्या आणि तळमजल्यावरच्या एकेका खोलीत घ्या. परीक्षा ऐन एप्रिलमध्ये येतात. वरच्या मजल्यावर कोण राहतो आणि कोणत्या हवेत अभ्यास करतो, हे त्या तक्त्यावरून कळेल. आणि चुन्याच्या चार पोत्यांसाठी अर्ज करायला हाताशी आकडेही राहतील.